सह्याद्रीमागच्या दोघी

मैत्रिणींनो, १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्यापैकी किती जणींना आठवते? १ मे सगळ्यांच्या लक्षात असतो. झेंडावंदन असतं, पोरांना सुट्टी असते. १७ सप्टेंबर तर आपला घरचाच, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पण १ नोव्हेंबर? तो कॅलेंडरवर नुसताच येतो आणि जातो.

खरं तर तो दिवस आपल्याकडच्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यातला मोठाच दिवस. त्या दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला आणि मुंबई राज्यात आला. म्हणजे बघा, फुलंब्रीचा माणूस रात्री झोपला हैदराबाद राज्यात आणि सकाळी उठला मुंबई राज्यात! आणि त्याच दिवशी त्या नव्या, अवाढव्य राज्याचे मुख्यमंत्री झाले त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव बळवंतराव चव्हाण. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्रीही तेच. १९६२ च्या चीन युद्धात पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं लोक म्हणाले. आजही म्हणतात.

साहेबांबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, कॉलेजं आहेत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. लग्नानंतर, दोन लेकरं झाल्यावर, स्वयंपाक उरकून रात्री अभ्यास करत त्या विद्यापीठातून बी. ए. झालेल्या कितीतरी जणी तुमच्या-माझ्या ओळखीच्या असतील. पण ज्या घरातून हा सह्याद्री उभा राहिला, त्या घराचं काय? ते घर कोणी चालवलं? त्यातल्या दोन बायकांची ही गोष्ट. एक सासू, एक सून. विठाबाई आणि वेणूताई.

सागरोबाला घातलेलं साकडं

देवराष्ट्रे हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. ते विठाबाईंचं माहेर. १२ मार्च १९१३ ला तिथं त्या बाळंत झाल्या. बाळंतपण फार अवघड गेलं. ना डॉक्टर, ना दवाखाना. लेकीचा जीव वाचतो की नाही अशी वेळ आली, तेव्हा त्यांच्या आईनं गावाजवळच्या सागरोबाला साकडं घातलं, की देवा, मला यश दे. माय-लेकरू दोघं सुखरूप राहिली. यश दिलं म्हणून मुलाचं नाव यशवंत! महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याचं नाव असं एका घाबरलेल्या आजीच्या नवसातून आलेलं आहे.

वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. पगार बेताचाच. यशवंता चार-पाच वर्षांचा असेल नसेल, तेव्हा प्लेगची साथ आली आणि बळवंतराव गेले. विठाबाईंच्या पदरात लहान लहान पोरं. ज्ञानोबा, गणपत, यशवंत हे मुलगे आणि लेक राधा. हातात ना शिक्षण, ना पैसा.

अशा बाईचं पुढं काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. भावांचा आधार, थोडंफार शेतीतलं, आणि बाकी सगळं आपल्या अंगावर. थोरल्या ज्ञानोबांना पुढं कोर्टातच नोकरी लागली आणि घर कऱ्हाडला आलं. एकाच्या पगारावर सगळ्यांचं भागवायचं. पण विठाबाईंनी एक गोष्ट धरून ठेवली. पोरांची शाळा सुटू द्यायची नाही. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरगा टिळक हायस्कूलला जातोय, पुस्तकं वाचतोय, यात तिनं कधी आडकाठी केली नाही. 'आता शिकून पुरे झालं, कामाला लाग' असं म्हणायला त्या घरात शंभर कारणं होती. ती म्हणाली नाही.

लिहिता-वाचता येत नसलं तरी विठाबाईंजवळ ओव्यांचं भांडार होतं. जात्यावर बसल्या की ओव्या सुरू. वाईट दिवस आले की पोरांना जवळ घेऊन स्वतः जुळवलेल्या ओळींतून त्या धीर द्यायच्या. सूर्य-चंद्रावरही ढग येतात आणि जातात, आपले दिवसही जातील, असं काहीसं. पुढे 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात यशवंतरावांनी आईच्या या शिकवणुकीबद्दल फार मनापासून लिहिलं आहे. संसदेत शांतपणे बोलणाऱ्या, कधी तोल न सोडणाऱ्या त्या माणसाची पहिली शाळा म्हणजे आईचं जातं!

"माफी कशाला मागायची?"

१९३२ साली यशवंता शाळेतच होता. चळवळीचे दिवस. झेंडा लावला, पत्रकं लावली आणि पोरगा पकडला गेला. शिक्षा झाली अठरा महिन्यांची. आपला पोरगा दहावी-अकरावीत असताना दीड वर्ष तुरुंगात गेला तर आपलं काय होईल? नुसता विचार करून पोटात गोळा येतो.

शिक्षा होण्याआधी विठाबाई त्याला भेटायला गेल्या. बरोबर शाळेतले एक गुरुजी होते. गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरगा हुशार आहे, माफी मागितली तर सुटेल, वर्ष वाया जाणार नाही, असा त्यांचा साधा हिशेब. मुलानं काही उत्तर द्यायच्या आत आईच बोलली. माफी कशाला मागायची? तब्येतीला जप, देव आपल्या पाठीशी आहे, एवढंच ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण शब्द मागे घेतला नाही.

ही आठवण यशवंतरावांनीच लिहून ठेवली आहे. आपण ती वाचतो आणि 'वा, काय धीराची बाई' म्हणून पान उलटतो. पण जरा थांबून बघा. नवरा नाही. थोरल्याच्या तुटपुंज्या पगारावर घर. शिकून हातभार लावेल अशी ज्याच्यावर आशा, तोच मुलगा दीड वर्ष आत. विठाबाईंचं ते एक वाक्य फुकटचं नव्हतं. त्याची किंमत त्यांनी रोज, चुलीपाशी, मोजली.

तुरुंगातून सुटून यशवंता मॅट्रिक झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ ला बी. ए. झाला. पुण्याला जाऊन १९४१ ला वकिलीची परीक्षा पास झाला. आता पोरगा वकील झाला, आता चार पैसे येतील, आता सून आणू. कोणत्या आईच्या मनात हे येणार नाही?

लग्नाला जेमतेम दोन महिने

२ जून १९४२. कऱ्हाडला लग्न झालं. सून फलटणची, मोऱ्यांच्या घरातली. माहेर खाऊनपिऊन सुखी. वेणूताई वयानं अगदी कोवळ्या. वकील नवरा मिळाला म्हणून माहेरची माणसं खूश असणार. हळद उतरली, नव्या घराची ओळख व्हायला लागली, आणि ऑगस्ट उजाडला.

आठ ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. यशवंतराव मुंबईला गेले होते. परत आले ते भूमिगत व्हायलाच. सातारा जिल्ह्यात तेव्हा रान पेटलं होतं. कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. वडूजला तर गोळीबारात माणसं मारली गेली. यशवंतराव आज या गावात, उद्या त्या गावात. घरी येणं शक्यच नव्हतं.

आणि घरात? घरात पोलीस येत होते. मधले दीर गणपतरावही तुरुंगात गेले. नवी नवरी आणि सासू, दोघी दाराकडे बघत बसलेल्या.

मग जानेवारी आला. लग्नानंतरची पहिली संक्रांत! आपल्याकडे काय हौस असते ना या सणाची. काळी साडी, हलव्याचे दागिने, वाण, ओटी, कौतुकाला आलेल्या शेजारणी. वेणूताईंच्या पहिल्या संक्रांतीला दारात पोलीस आले. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला धरून नेलं. कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या तुरुंगात सुमारे सहा आठवडे त्यांना ठेवलं. राजकारणाशी ज्या मुलीचा काडीचा संबंध नव्हता, जिचं नवऱ्याशी पुरतं बोलणंसुद्धा झालं नसेल, तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी कोठडी बघितली.

याच काळात थोरले दीर ज्ञानोबा गेले. ऑपरेशनचं निमित्त झालं. ज्याच्या पगारावर घर चालायचं तोच कर्ता माणूस गेला. एक दीर तुरुंगात, नवरा भूमिगत. या सगळ्याचा वेणूताईंनी असा धसका घेतला, की त्यांना झटके यायला लागले, शुद्ध हरपायला लागली. त्यांना माहेरी फलटणला नेलं. बायको फार आजारी आहे हे कळल्यावर यशवंतरावांना राहवलं नाही. ते लपतछपत फलटणला तिला बघायला आले आणि तिथंच पकडले गेले. १९४३ सालची ही गोष्ट. महिनोन् महिने पोलिसांना न सापडलेला माणूस बायकोच्या उशाशी सापडला!

सिनेमात दाखवावं असं हे आहे. पण सिनेमा तीन तासांत संपतो. वेणूताईंची तब्येत त्या दिवसांनंतर जन्मभर नाजूकच राहिली. स्वातंत्र्याच्या लढाईत कोणाला गोळी लागली, कोणाची जमीन गेली, याची नोंद सरकारनं ठेवली. एका नव्या नवरीची तब्येत गेली, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात असते?

मंत्र्याची बायको

१९४६ ला यशवंतराव निवडून आले, पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. आता तरी सुखाचे दिवस येतील असं वाटावं, तर गणपतरावांना क्षयानं गाठलं होतं. तेव्हा क्षय म्हणजे मरणाचं बोलावणंच. तेही गेले. तीन भावांपैकी दोन भाऊ गेले आणि मागे राहिली त्यांची लेकरं.

वेणूताईंना स्वतःचं मूल झालं नाही. आपल्या समाजात या एका वाक्याचं बाईला किती ओझं वाहावं लागतं, हे काय सांगायला हवं? पण त्या घरात दिरांची मुलं हीच आपली मुलं झाली. त्यांची आजारपणं, त्यांच्या शाळा, त्यांची लग्नकार्यं, सगळं वेणूताईंनी आपलं मानून केलं. सासूबाई होत्याच. विठाबाईंनी मुलाला आमदार झालेलं बघितलं, मुख्यमंत्री झालेलं बघितलं, दिल्लीला गेलेलं बघितलं. १९६५ साली, मुलगा देशाचा संरक्षणमंत्री असताना, त्या गेल्या. बेलिफाच्या विधवेनं केवढा मोठा पल्ला बघितला!

पुढे संरक्षण, मग गृह, मग अर्थ, मग परराष्ट्र, शेवटी काही काळ उपपंतप्रधान. साहेबांची खाती बदलत गेली. वेणूताईंचं खातं एकच राहिलं, घर! भाषणं नाहीत, व्यासपीठ नाही. गावाकडून आलेल्या माणसाला दिल्लीत मराठी जेवण आणि दोन शब्द मायेचे, एवढंच.

मुलाच्या-नवऱ्याच्या कामाचा फायदा मात्र आपल्यापर्यंत येऊन पोचला. १९५८ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतरावच होते. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याआधी इकडच्या पोरांना पदवीच्या परीक्षेसाठी हैदराबादच्या विद्यापीठाकडे बघावं लागायचं. गरीब घरच्या मुलांची फी माफ करणारी ती 'ई.बी.सी.'ची सवलत, जिचे फॉर्म आपल्या आई-वडिलांनी भरले, तीही त्यांच्याच कारकिर्दीतली. फी नाही म्हणून आपली शाळा सुटते की काय, ही धास्ती त्यांनी स्वतः अनुभवलेली होती. विठाबाईंनी एका मुलासाठी जे केलं, ते मुलानं राज्यातल्या पोरांसाठी केलं, असंच म्हणा ना.

पत्रं एकाची, घर दुसरीचं

यशवंतराव परदेशात गेले की वेणूताईंना पत्र लिहायचे. चार ओळींची खुशाली नव्हे, चांगली लांबलचक पत्रं. कोणाला भेटलो, शहर कसं होतं, काय वाटलं. या पत्रांचं पुढे पुस्तक निघालं, 'विदेश दर्शन' नावाचं. मोठमोठ्या देशांच्या पुढाऱ्यांशी दिवसभर बोलून आलेला मंत्री रात्री हॉटेलच्या खोलीत बसून बायकोला सगळं सांगतोय, हे किती छान वाटतं! जगातल्या घडामोडी बायकोला काय कळणार, असं त्यांनी कधी मानलं नाही. आपल्याकडे शेजारच्या गावी जाऊन आलेला नवरासुद्धा 'काय झालं तिकडं?' विचारलं तर 'काही नाही' म्हणतो!

पण त्या पुस्तकात आहेत ती साहेबांची पत्रं. वाचताना सारखं वाटत राहतं, हे सगळं वाचणारी ती काय म्हणत असेल?

याच्या उलट एक गोष्ट आहे, पार अमेरिकेतली. अडीचशे वर्षांपूर्वीची. अमेरिका तेव्हा इंग्रजांशी भांडून नवा देश व्हायच्या बेतात होती. त्या लढ्यातले एक मोठे पुढारी जॉन ॲडम्स, जे पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची बायको ॲबिगेल. नवरा देशाच्या कामासाठी कधी फिलाडेल्फियाला, कधी युरोपात, वर्षानुवर्षं घराबाहेर. ही मॅसॅच्युसेट्समधल्या गावी चार लेकरं, शेत, गडी-माणसं, कर्ज-वसुली सगळं एकटी बघायची. १७७६ ला देवीची साथ होती, तेव्हा स्वतः बॉस्टनला जाऊन पोरांना तिनं टोचून आणलं. तेव्हाची ती टोचणी म्हणजे जिवाची जोखीम. निर्णय तिचा एकटीचा.

या नवरा-बायकोची अकराशेहून जास्त पत्रं जपून ठेवलेली आहेत. आणि त्यात दोघांचीही आहेत! ३१ मार्च १७७६ च्या पत्रात ॲबिगेलनं नवऱ्याला बजावलं, की नवे कायदे करताय तर बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात सगळी सत्ता देऊ नका. नवऱ्यानं काय केलं? उत्तरात हसण्यावारी नेलं. कायदे झाले, देश झाला, पण अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत तुमच्या-माझ्या आजीनं पुरुषांच्या बरोबरीनं मत टाकलं. या बाबतीत आपण पुढे, बरं का!

ॲबिगेलचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, पण ते कागदावर राहिलं. म्हणून आज अडीचशे वर्षांनी फुलंब्रीत बसून आपण त्यावर बोलतोय. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणी लिहिल्या, म्हणून त्या घरात बाईला शिकताना काय काय सोसावं लागलं ते कळलं. विठाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचं जे कळतं ते मुलाच्या पुस्तकातून, वेणूताईंचं नवऱ्याच्या. नशीब, की तो मुलगा आणि तो नवरा प्रामाणिकपणे लिहिणारा निघाला. नाही तर त्या दोघी होत्या हेसुद्धा कोणाला कळलं नसतं.

एका दिवसानं चुकलेला वाढदिवस

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं पूर्ण झाली असती. यशवंतराव या धक्क्यातून सावरलेच नाहीत. त्यांनी आत्मचरित्राचे तीन भाग लिहायचे ठरवले होते. त्यातला 'कृष्णाकाठ' हा एकच झाला, तो १९४६ पर्यंत येऊन थांबतो. म्हणजे मुंबई-दिल्लीचे मोठे मानाचे दिवस लिहायचे राहून गेले, आणि आई, भाऊ, बायको यांच्यासोबतचे हालाचे दिवस तेवढे लिहून झाले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत तेही गेले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. आणि कऱ्हाडातच वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, तिथं साहेबांचा जन्मभराचा ग्रंथसंग्रह ठेवलेला आहे. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं बायकोच्या नावाच्या घरात. शाळेची सहल कऱ्हाडकडे गेली तर पोरांना समाधीबरोबर हेही दाखवायला सांगा.

आता खुर्ची आपली, मग चूल कोणाची?

हे सगळं आज का सांगायचं? तर यशवंतरावांच्याच काळात कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. सत्ता गावात आली. मग १९९३ च्या घटनादुरुस्तीनं त्यात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. म्हणजे साहेबांनी जी खुर्ची गावात आणली, तिच्यावर आता विठाबाई आणि वेणूताईच बसायला लागल्या! आपल्या फुलंब्री मतदारसंघानं तर २०२४ ला अनुराधा चव्हाण यांना निवडून विधानसभेत पाठवलं. आडनाव चव्हाणच, हा निव्वळ योगायोग. पण अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या या तालुक्यातून एक बाई आमदार होते, हे कोणत्याही पक्षाच्या बाईनं कौतुकानं बघावं असंच आहे.

आता खरी गोम इथं आहे. यशवंतराव भूमिगत झाले तेव्हा घर आईनं आणि बायकोनं धरलं. ते मुंबईला गेले, दिल्लीला गेले, तेव्हा पुतण्यांचं, पै-पाहुण्यांचं सगळं बायकोनं बघितलं. पुरुष राजकारणात गेला तर त्याच्यामागे घर उभं राहतं, हे आपण गृहीतच धरतो. यशस्वी पुरुषामागे स्त्री असते, असं कौतुकानं म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

आणि बाई सरपंच झाली तर? तिच्यामागे कोण? ग्रामसभा दहाला असेल तर ती पहाटे चारला उठते. भाकरी, डबे, गुरांचं, सासऱ्यांच्या गोळ्या, मग मीटिंग. तालुक्याला जायला उशीर झाला तर 'घर सोडून हिंडते' हे ऐकायचं. कपाशीच्या वेचणीचे दिवस असतील तर विचारूच नका. शेवटी थकून ती म्हणते, 'जाऊ द्या, तुम्हीच बसा माझ्या जागी.' मग सही तिची आणि कारभार त्यांचा! सगळे 'सरपंचपती' म्हणून हसतात. पण ते हसताना एवढंही विचारत नाहीत, की त्या बाईची भाकरी त्या दिवशी कोणी थापली असती तर ती मीटिंगला गेली नसती का?

विठाबाई-वेणूताईंच्या त्यागाचे गोडवे गाऊन आपण मोकळ्या होऊ, तर त्यांच्यावर अन्यायच होईल. त्यांनी जे केलं तो नुसता त्याग नव्हता. ते काम होतं. चोवीस तासांचं, जोखमीचं, बिनपगारी काम. त्याशिवाय महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री घडलाच नसता. आणि जे काम बाई पुरुषासाठी करते, तेच काम घरानं बाईसाठी करायला काय हरकत आहे? मीटिंगच्या दिवशी सासूबाईंनी नातवंडं सांभाळली, नवऱ्यानं गुरांचं बघितलं, लेकानं डाळ-भाताचा कुकर लावला, तर आभाळ कोसळत नाही. निवडणुकीत पत्रकं वाटायला सगळं घर बाहेर पडतं, मग निवडून आल्यावर पाच वर्षं ते घर कुठं जातं?

आणखी एक काम आपलं आपणच करायचं आहे. आपल्या मराठवाड्यात रझाकारांच्या दिवसांत कितीतरी घरांतल्या बायकांनी रात्री-बेरात्री भाकरी पोचवल्या, माणसं लपवली, निरोप नेले. घराघरात या गोष्टी आहेत, पण त्या सांगणाऱ्या आज्या आता फार थोड्या उरल्या आहेत. प्रत्येकीला यशवंतरावांसारखा लिहिणारा मुलगा नव्हता. ते आपल्याला करता येईल. एक दोनशे पानी वही घ्या. आजीजवळ, नाही तर आजेसासूजवळ बसा. नाव लिहा. तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, साल आठवलं तर साल. मग ती सांगेल ते तसंच उतरवा, तिच्याच बोलीत. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. बचत गटाच्या बैठकीत महिन्याला एकीनं एक गोष्ट वाचून दाखवली, तर वर्षभरात बारा बायकांचा इतिहास तयार होतो.

आणि ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत, पंचायत समितीत बसणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही तर रोजच लिहा. आज काय ठराव मांडला, कोण बोललं, कोणी गप्प बसवलं, घरी आल्यावर काय ऐकावं लागलं. उद्या तुमच्यावर कोणी लिहिलं नाही तरी तुमचं तुम्ही लिहिलेलं असेल. वेणूताई काय म्हणत असतील, हे आपल्याला अंदाजानंच ताडावं लागतं. तुमच्या नातींवर ती वेळ यायला नको.